हलता कामा नये असं कॅबिनेट

१५ एप्रिल

काल जयंतीची मिरवणूक घरासमोरून गेली. डीजेने खिडकीच्या काचा थरथरत होत्या. ज्यांनी उभं आयुष्य पुस्तकांत घालवलं त्यांच्या नावाने ही पोरं लोकांच्या कानाचे पडदे फाडतात. मी गॅलरीत कानात बोटं घालून उभी होते, तर खालून एकजण ओरडला, "जयभीम मॅडम!" माझाच विद्यार्थी. दहावीला विज्ञानात नापास झालेला.

आज आमच्या पोरीने, लुंबिनीने, सांगितलं की तिला नवा कॉम्प्युटर करायचा आहे. विकत घ्यायचा नाही, एकेक भाग आणून घरी जोडायचा. हैदराबादच्या एका स्टुडिओने तिला परीक्षेसारखं काम दिलंय. मेअखेर एक छोटी ॲनिमेशन फिल्म करून पाठवायची, पसंत पडली तर नोकरी. जुन्या कॉम्प्युटरवर ते जमणार नाही. त्याच्यावर ती दोन वर्षं इथल्या बिल्डरांना न बांधलेल्या घरांची चित्रं करून देते आहे. त्या चित्रांत दर वेळी एक लाल गाडी आणि एक गोरी बाई घालावी लागते, नाहीतर तरोडा नाक्यावरचा फ्लॅट विकला जात नाही. आमच्या गावाची रसिकता एवढीच.

आनंदराजांच्या, म्हणजे तिच्या पप्पांच्या, बायपासच्या वेळी ती हैदराबादचं शिक्षण संपवून घरी आली ती इथेच राहिली. आता नोकरी मिळाली तर उत्तमच. काम घरूनच असणार, आजकाल सगळं नेटवरून होतं. तसं ती म्हणाली नाही, पण वेगळं काही असतं तर बोलली असती. माझ्यापासून ती काही लपवत नाही.

१८ एप्रिल

वजिराबादेत शिवप्रसादच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. आत शिरले तर लग्नाच्या मांडवात आल्यासारखं वाटलं. भिंतभर कॉम्प्युटरची काचेची कॅबिनेटं, आणि प्रत्येकात लाल, निळे, जांभळे पंखे गरगरताहेत.

"मॅडम, तुम्ही! मला आठवीला सायन्स तुम्हीच होता," शिवप्रसाद म्हणाला.

"मग यात हवा कुठून शिरते ते सांग."

तो त्या पेटीभोवती एक चक्कर मारून आला. "समोर काच हाय. बाजूनं बी काचच हाय. वरून जात असंल थोडी. पण मॅडम, हेच लई चालून राहिलंय सध्या. पोरं लाईट बघूनच घ्यायलेत."

नांदेडच्या उन्हाळ्यात काचेच्या पेटीत यंत्र कोंडायचं आणि वर त्याला दिव्यांची माळ लावायची. याला आठवीत पास कोणी केलं असेल याचा विचार केला. मीच केलं असणार.

लुंबिनी तेवढ्यात कोपऱ्यातलं एक इवलंसं कॅबिनेट उचलून बघत होती. भाकरीच्या डब्याहून जरा मोठं, चारी बाजूंनी जाळी. एका हाताने उचललं, ठेवलं, परत उचललं. मग शिवप्रसादला विचारलं, "याला हँडल येतं का?"

कॉम्प्युटरला हँडल! दुधाची किटली आहे का ती? मी तिथल्या तिथे सांगितलं, एवढ्याशा जागेत दोन तापणारे भाग शेजारी शेजारी बसवले तर उष्णता जाणार कुठे? मोठी जागा, मोठे पंखे, संथ वारा. वर्गात शिकवायचे तसं शिकवलं. दुकानातली चार पोरं ऐकत उभी राहिली. फुकटात शिकली.

लुंबिनी वाद घालत नाही, हा तिचा मोठा गुण. शेवटी असं ठरलं की आतलं सामान ती निवडेल, कॅबिनेट आणि थंडावा माझ्याकडे. उष्णता हा माझा विषय आहे.

२३ एप्रिल

आठवडाभर यूट्यूबवरची तज्ज्ञ मंडळी ऐकली. एकाला मिसरूड फुटलेलं नाही आणि तो "मित्रांनो, थर्मल्सची चिंता सोडा" म्हणतो. दुसरा दिल्लीच्या एसी खोलीत स्वेटर घालून बसलाय आणि भारतीय उन्हाळ्याबद्दल सल्ला देतोय. अर्ध्या हळकुंडाने पिवळे झालेले सगळे.

त्यांचं नवं खूळ म्हणजे पाण्यावर चालणारं कूलिंग. प्रोसेसरवरून पाण्याच्या नळ्या फिरवायच्या. विजेच्या यंत्राच्या पोटात पाणी! मी जेवताना म्हटलं, असला अडाणीपणा माझ्या घरात चालणार नाही.

"यष्टीत बी रेडिएटर असतंयच की," आनंदराज म्हणाले. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट एसटीसारखी दिसते.

"कॉम्प्युटर म्हणजे बस नव्हे," मी म्हटलं. लुंबिनी वरणात भाकरी कुस्करत हसली. उष्णता ओढून घेणारा मोठा हीटसिंक आणि दोन पंखे, पाण्याचा थेंब नाही, हे मी नक्की केलं.

२८ एप्रिल

मला हवं होतं तसं कॅबिनेट नांदेडात कोणाकडेच नव्हतं. शिवप्रसाद म्हणाला, एवढं मोठं कोण घेतंय मॅडम? लातूरला एका दुकानात मिळालं. काळं, पोलादी, समोर जाळी, उभं केलं तर माझ्या कमरेला लागतं. दुकानदार स्वतःच चकित झाला की ते विकलं गेलं. कधीपासून पडून होतं बिचारं.

परत येताना बसमध्ये तमाशा. कंडक्टर म्हणाला, "मावशी, फ्रीज टपावर टाका." मी त्याला हे काय आहे ते समजावून सांगितलं. त्याला काही कळलं नाही. मग त्याने आनंदराजांना ओळखलं, "साहेब, तुम्ही हाव का!" म्हणाला आणि मागची लांब सीट मोकळी करून दिली. या देशात शास्त्राला किंमत नाही, ओळखीला आहे.

आनंदराज खोका मांडीवर धरून बसले होते. "लई जड हाय, महामाया," ते म्हणाले. "पोरीला कुठं न्यायचं म्हणलं तर?"

"कुठे न्यायचंय?"

त्यावर ते खिडकीबाहेर बघायला लागले. लुंबिनी दुसऱ्या खिडकीतून बघत होती. अहमदपूर येईपर्यंत दोघं बापलेक तसेच बसले होते. बाहेर नांगरलेल्या रानांशिवाय काही नव्हतं. तरी टक लावून बघत होते. उन्हाने दमली असतील.

४ मे

एवढं कॅबिनेट टेबलावर ठेवणं शक्य नव्हतं, आणि जमिनीवर मुंग्या. म्हणून हॉलमध्ये भिंतीला लागून ओटाच बांधून घेतला. देगलूरकडचा नागप्पा गवंडी आला होता. वर कडप्पा बसवताना विचारतो, "मॅडम, इथं देव बसवनार हाव का?"

"देव आमच्यात नाहीत. कॉम्प्युटर बसवायचाय."

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा ओट्याकडे बघितलं. "मंग पक्का करू?"

"पक्का कर. हलता कामा नये."

हॉलच का, असं लुंबिनीने विचारलं. तिच्या वरच्या खोलीवर थेट स्लॅब आहे, दुपारी भट्टी होते. हॉलमध्ये डेझर्ट कूलर आहे. शिवाय तिथे बसली म्हणजे मला भाजी निवडता निवडता तिच्या कामावर लक्ष ठेवता येईल.

काल तिने सगळं जोडलं. मी स्क्रू हातात धरून शेजारी बसले होते. कबूल करायला हवं, पोरीचा हात स्वच्छ आहे. पंखे बसवताना प्रत्येकाच्या कडेवरचा बाण न बघता नुसत्या पात्यांच्या वळणावरून ओळखत होती, कुठल्या बाजूने हवा ओढेल आणि कुठल्या बाजूने सोडेल. शिवप्रसादला तर बाण बघूनही कळत नाही. फक्त एक गोष्ट खटकली. मदरबोर्ड तिने सगळ्यात लहान आणलाय, तळहाताएवढा. ग्राफिक कार्डही आखूड. माझ्या त्या भव्य कॅबिनेटमध्ये तो बोर्ड म्हणजे शाळेच्या मैदानात ठेवलेला पाट दिसतो. कारण विचारलं तर म्हणाली, "मला हेच पुरतं, आई." माझ्या विद्यार्थ्यांसारखीच, मोठा विचार करायची सवय नाही.

१२ मे

बुद्धपौर्णिमा. सकाळी वंदना, मग खीर. विहारात भाषण करायला आलेला माणूस करुणेवर बोलला आणि माईक खरखरला म्हणून पोरावर खेकसला.

ऊन असह्य आहे. दुपारी लुंबिनीचं काम सुरू झालं की पंख्यांचा आवाज वाढतो. तो ऐकून मला राहवेना. एक अत्यंत साधी कल्पना सुचली, जी त्या स्वेटरवाल्याला सात जन्मांत सुचणार नाही. डेझर्ट कूलरच्या तोंडापासून कॅबिनेटच्या जाळीपर्यंत पुठ्ठ्याचा बोगदा केला. फ्रीजचा खोका अडगळीत होताच. आता कूलरची गार हवा इकडे तिकडे न सांडता थेट यंत्राच्या पोटात जाते.

"आई, ओलावा जाईल आत," लुंबिनी म्हणाली.

मी तिला सापेक्ष आर्द्रता समजावली. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल बघता बघता वाळतो. ओलावा हवेत राहील, थेंब होणार नाही. ती म्हणाली, "बरं." आणि खरोखरच तापमान उतरलं! स्क्रीनवरचा आकडा तिने स्वतः वाचून दाखवला. यूट्यूबवर टाकायला हवं. पण मी त्या पंक्तीत बसणार नाही.

आनंदराज हॉलमध्ये घामाने निथळत पेपर वाचतात. कूलरचा वारा त्यांच्याकडे येत नाही, म्हणून तोंड वाकडं करतात. त्यांना काही ॲनिमेशन करायचं नाहीये.

१९ मे

दोन दिवस आभाळ आलंय. घुसमट होते. कूलर काम करेना, कारण हवाच दमट. आकडा परत चढला. म्हणून मी कूलरचा पंप पूर्ण सोडला आणि वेग शेवटच्या टोकाला नेला. लुंबिनी फिल्मच्या शेवटच्या भागात आहे. वयोवृद्ध बाईने एका लहान मुलीला नदी ओलांडून न्यायचं, असं काहीतरी. नदीचं पाणी फार सुंदर केलंय. तिला तसं सांगितलं नाही, डोक्यात हवा जाते.

२१ मे

कॉम्प्युटर बंद पडला. काम चालू असताना टप्प्‌ असा आवाज झाला आणि सगळं काळं. जळका वास. लुंबिनी स्क्रीनकडे बघत बसली. मग उठून तोंड धुऊन आली.

शिवप्रसादला फोन करून जे तोंडात आलं ते बोलले. बनावट माल गळ्यात मारतो, जुन्या शिक्षिकेलाही सोडत नाही. "मॅडम, पॉवर सप्लाय कंपनीचा सीलबंद व्हता, ताईंनीच सील फोडलंय," असं तो रडक्या आवाजात म्हणत राहिला. नाचता येईना अंगण वाकडं.

लुंबिनीने हातातून फोन घेतला. "दादा, तुमचं काही चुकलं नाही," असं म्हणून ठेवून दिला. मला हे आवडलं नाही. अशाने ही माणसं शेफारतात.

२२ मे

सकाळी ती अंघोळीला गेली असताना मी कॅबिनेटची बाजू उघडली. दोष कुठे आहे हे दाखवूनच देणार होते. आतून हात फिरवला तर बोटांना पांढरी पूड लागली. पंख्यांवर, हीटसिंकवर, खाली पॉवर सप्लायच्या जाळीवर तर पापुद्रा. आधी वाटलं धूळ. पण नांदेडची धूळ काळी असते.

खरवडून वाटीत घेतली आणि लिंबू पिळलं. फसफसली.

तीस वर्षं मी हा प्रयोग सातवीच्या पोरांना करून दाखवला. कार्बोनेट. आमच्या बोअरचं पाणी, ज्याने कूलरच्या गवताच्या ताट्या दर उन्हाळ्यात दगडासारख्या होतात. पंप मी पूर्ण सोडला, वेग मी वाढवला, आणि बारीक थेंब उडून पुठ्ठ्याच्या बोगद्यातून नेमके तिथे पोचले जिथे पाण्याचा थेंब नको म्हणून मी घरात भांडले होते. वाटी घेऊन ओट्यावर बसून राहिले.

ती केस पुसत आली. मी म्हटलं, "माझ्या कूलरमुळे झालं."

"माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस? शिवप्रसादला शिव्या घालू दिल्यास."

"तुला स्वतःला सापडलं तरच तुला पटतं, आई."

मग माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "अजून एक आहे. ही नोकरी घरून नाहीये. मिळाली तर तिथे जाऊन राहायचंय. पहिल्यापासून तसंच होतं."

"पप्पांना ठाऊक आहे?"

"हो."

"आणि मला?"

"तुला सांगितलं असतं तर तू कॅबिनेट अजून मोठं घेतलं असतंस."

मी म्हटलं, असं काही नसतं, मोठ्या कॅबिनेटमागे शास्त्रीय कारण आहे. आनंदराज दारात उभे होते. आत आले नाहीत, बाहेरही गेले नाहीत. ती म्हणाली, "कारण असेल गं. पण मला ते उचलता येत नाही." आणि रडली. मी तिला दोन वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं. बापाच्या ऑपरेशनच्या दिवशीही नाही.

शास्त्रीय कारण होतंच. पण हलता कामा नये असं मी गवंड्याला का सांगितलं, याला शास्त्रात उत्तर नाही. मला तिने जायला नको आहे. असं आहे ते. आणि माझ्यासारख्या बाईला हे पुठ्ठ्याचे बोगदे करून सांगावं लागतं, याची मला लाज वाटते.

२३ मे

शिवप्रसादकडे एकटीच गेले. माफी वगैरे मागितली नाही, पण त्याच्याकडचा कडक, गोडमिट्ट चहा पूर्ण प्यायले. त्याला कळलं असावं.

"सगळ्यात लहान कॅबिनेट दाखव. जाळीचं."

"मॅडम, पण तुम्हीच तर म्हणला व्हता, त्यात गरम..."

"मी काय म्हणाले ते तुला आठवीत कधी लक्षात राहिलं नाही, आज बरं राहिलं. काढ."

त्याला बसेल असा छोटा पॉवर सप्लाय आणि बुटका हीटसिंकही घेतला. रिक्षात मांडीवर ठेवून आणलं. जड मुळीच नाही. लुंबिनीने बोर्ड आणि कार्ड स्पिरिटने पुसून वाळवलं. दोन्ही जिवंत निघाले, फिल्मही शाबूत. तळहाताएवढा बोर्ड नव्या कॅबिनेटमध्ये असा बसला, जणू त्याच्याच मापाने शिवलंय. अर्थात मापाने शिवलेलंच होतं. पहिल्या दिवसापासून तिने हेच योजलं होतं आणि मी त्या बोर्डाला मैदानातला पाट म्हणत होते.

कूलर आता आनंदराजांच्या दिशेने आहे.

३० मे

फिल्म गेली. पाठवण्याआधी तिने आम्हाला दाखवली. ती वृद्ध बाई अर्ध्या नदीत थांबते आणि मुलगी पुढे एकटी जाते. मी म्हटलं, नदीला खोली असताना लाटा एवढ्या मोठ्या उठणार नाहीत. आनंदराज म्हणाले, "लई झ्याक झालंय, बाळा." ज्याचं त्याचं मत.

९ जून

पसंत पडली. पडणारच होती. त्यांना काही कळतं म्हणून नव्हे, आमच्या पोरीला येतं म्हणून.

१४ जून

स्टेशनवर पोचवून आलो. कॅबिनेट तिने जुन्या चादरीत गुंडाळून पायाशी ठेवलं होतं. समोरच्या बाकावरच्या बाईने विचारलं, "शिलाई मशीन हाय का?" मी उत्तर द्यायच्या आत लुंबिनी "हो मावशी" म्हणाली आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. गाडी हलल्यावर मला रडू आलं. फलाटावर, सगळ्यांदेखत. लिहून ठेवते आहे, कारण आनंदराजांनी रुमाल पुढे केला तेव्हा मी "धूळ गेली" म्हटलं होतं.

मोठं कॅबिनेट ओट्यावर आहे. शेजारणीने विचारलं, तिजोरी घेतली का. मी हो म्हटलं. ती रिकामी पेटी आहे हे कळायची अक्कल चोरांना येईपर्यंत बाकीचं घर सुरक्षित आहे.

२४ जून

हैदराबादहून लुंबिनीचा फोन. तिच्या खोलीवर एसी नाही. कॅबिनेट तापतंय म्हणे.

"आई, समोरचा पंखा हवा आत घेतोय की बाहेर सोडतोय, कसं ओळखायचं?"

मला हसूच आलं. एवढी मोठी कंपनी, एवढे संगणकतज्ज्ञ, आणि एकालाही एक पंखा ओळखता येऊ नये? शेवटी विचारायचं कोणाला, तर नांदेडच्या निवृत्त शिक्षिकेला. मी सविस्तर सांगितलं. आधी कडेवरचा बाण बघायचा, बाण नसला तर पात्यांचं वळण, तेही कळेना तर कागदाचा कपटा धरायचा. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. "हं", "बरं", "अच्छा, असं असतं होय" करत ऐकत होती. पण हैदराबादच्या पाण्याने तिची बुद्धी जरा मंद झालेली दिसते, कारण तीच गोष्ट तिने मला तीनदा विचारली.

मी म्हटलं, फोनवर सांगून हे सुधारायचं नाही, स्वतः डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

"मग ये ना, आई. पप्पांना पण आण. मी शनिवारची सुट्टी मागच्या आठवड्यातच टाकून ठेवलीय."

आनंदराज तिकिटं काढायला गेलेत. जाताना शीळ घालत होते, या वयात. मी बॅगेत तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी भरली आहे आणि एक बारका स्क्रूड्रायव्हर घेतलाय. एकच गोष्ट समजत नाही. पंखा आज बिघडला, तर सुट्टी तिने मागच्या आठवड्यात कशी टाकली? तिथे गेल्यावर विचारते.